चाचणीचा डोळा

ता. ११ जून

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. 'चि.'च्या पुढे सवयीने 'सौ.' पडलं होतं, ते खोडलंय. नवा कागद घेणार होते, पण हात तिथेही तेच करणार. असू दे.

इकडे ठीक. गुडघा होता तसाच आहे. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून कागद. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझ्या हाताचं प्लास्टर काढलं असं तुझ्या भावाकडून कळलं. मूठ पूर्ण मिटते का? मिटत नसेल तर कोमट पाण्यात स्पंज पिळत जा. डॉक्टर सांगतात त्यापेक्षा जास्त वेळा पिळ. ते घाबरून कमी सांगतात.

आता कामाचं. कॅमेऱ्याचं घोडं अडलंय. कॅमेरा स्वतः धडधाकट आहे, फोटो काढतो, मागच्या काचेत दाखवतो. पण काढलेला फोटो कॉम्प्युटरवर जात नाही, आणि तिथे मोठा करून बघितल्याशिवाय मला नकली डोळ्याचं बुबुळ रंगवता येत नाही. मागची काच पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यात काय दिसणार, कपाळ?

तुला ह्यातलं फारसं माहीत नसेल. हे आम्हा मायलेकरांचं सुट्टीच्या दिवसाचं काम होतं, तू तेव्हा मुंगीला घेऊन आत पडलेली असायचीस. म्हणून सांगते. हा कॅमेरा पहिल्या-पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकी, विटेसारखा जाड. त्याची वायर दुसऱ्या कशाला लागत नाही आणि दुसरी वायर त्याला लागत नाही. नवा कॉम्प्युटर त्याला ओळखच देत नाही, श्रीमंत जावई गरीब नातेवाइकाशी वागतो तसं करतो. म्हणून आपल्या लेकाने मध्ये एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. कॅमेरा जुन्याशी बोलायचा, जुना नव्याशी बोलायचा. दुभाष्याच म्हण ना. तो जुना गेल्या महिन्यात बंद पडला. पंखा आधी ओरडला, मग वास आला, मग काहीच नाही.

सगळे म्हणतात, नवा घ्या. शिंपीणबाई म्हणते, "अहो, माझ्या फोनमध्ये याहून भारी फोटो येतो." येतो ना. पण फोन सगळ्यांना सुंदर करतो. मला सुंदर डोळा नकोय, त्याच चेहऱ्यातल्या दुसऱ्या डोळ्यासारखा हवाय. आपला कॅमेरा तपकिरी रंग जरा लाल दाखवतो. किती लाल ते माझ्या हाताला पाठ आहे, रंग कालवताना तेवढा लाल मी आपोआप कमी घालते. एवढी वर्षं त्याच्या खोड्या सांभाळल्यात, आता नव्याच्या खोड्या शिकायला माझ्याकडे आयुष्य शिल्लक आहे का?

आणि कॉम्प्युटर बदलला की आमची चाचणी असायची. लेक खिडकीतल्या स्टुलावर बसायचा, स्वतःचा डावा डोळा ह्या कॅमेऱ्याने काढायचा, पडद्यावर मोठा करायचा. त्याच्या डोळ्याची मी रंगवलेली चकती डबीत ठेवलेली आहे, ती पडद्याशेजारी धरायची. जुळली तर कॉम्प्युटर पास. "आई, माझा डोळा म्हणजे सरकारी शिक्क्याचं वजन आहे," असं म्हणायचा.

तो असता तर हे सगळं जेवायच्या आत झालं असतं. तो नाही, तर मलाच करायला पाहिजे.

मुंगीची जखम भरली आणि आत पारदर्शक वाटी बसवली आहे, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. म्हणजे आता त्या वाटीच्या जागी रंगवलेला डोळा करून बसवायची वेळ झाली. फार थांबलं तर खोबण आकसते, मग बसवायला त्रास. शाळा पण सुरू होईल. तिचा डोळा मी करणार हे वेगळं सांगायला नको. पण त्यासाठी तिचा चांगला डोळा ह्याच कॅमेऱ्यातून, ह्याच खिडकीत बसवून काढायला हवा. म्हणून आधी कॅमेरा.

लेकाच्या कपाटात खाली एक निळी पिशवी असेल. वायरी, कार्डं, काय काय कोंबलेलं असायचं तिच्यात. ती पाठव. कपाट उघडवत नसेल तर भावाला उघडायला सांग.

मुंगीला पापा.

सासूबाई

*

ता. २७ जून

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. पिशवी पोचली. तुझा भाऊ आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, जोडे न काढताच उठला. मी काय त्याला खाणार होते?

जाता जाता म्हणाला, "ताईने मुंगीच्या डोळ्याचे फोटो पाठवलेत, फोनवर काढलेले. ह्यावरून होतंय का बघा म्हणाली."

मी म्हटलं, "आणि नाही झालं तर?"

"तर मग हॉस्पिटलात तयार डोळे मिळतात ना. त्यातला बसवून घेऊ म्हणते."

मिळतात. पेटीत ओळीने मांडलेले असतात. त्यातल्या त्यात जवळचा बघून घालायचा, तयार चपला घेतो तसा. वाईट नसतात. म्हाताऱ्या माणसाला चालून जातात. मास्तरांना मी दोनदा तसाच दिला, कारण ते तोंड धुताना डोळा बेसिनमध्ये घालवतात, परवा पुन्हा घालवला. पण मुंगीला अजून सगळं आयुष्य माणसांच्या समोर उभं राहायचंय.

फोटो बघितले. त्यात डोळा आहे, पापण्या आहेत, आणि बुबुळाच्या मध्यावर तुमच्या खिडकीचा चौकोन पडलाय. चौकोनाखाली काय आहे ते देवाला माहीत.

तर कॅमेरा. बाजाराच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटरवाला आहे, ढेरी टेबलावर टेकवून बसतो तो. काहीही सांगा, "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून मी त्याला 'होऊन जाईल'च म्हणते. त्याला घरी बोलावला. त्याने वायर बघितली आणि हसला.

"बाई, हे म्युझियममध्ये द्या."

"तुम्हालाही देते सोबत. काम करा."

वायरीचा नाद सोडा म्हणाला, कार्डच काढून थेट वाचू. कॅमेऱ्यातलं कार्ड पातळ, बिस्किटासारखं. ते आता कुठे बनत नाही. पिशवीत कार्ड वाचायची एक डबी सापडली, तिच्यात घातलं. कॉम्प्युटरवर लगेच पाटी आली. मी विचारलं, काय म्हणतोय?

"म्हणतोय, हे कार्ड मला कळत नाही, कोरं करून वापरू का."

आणि त्याचं बोट निघालं की हो म्हणायला! मी त्याच्या हातावर फाडकन मारली. बोट मागे घेतलं बिचाऱ्याने. कॉम्प्युटरला कळत नाही म्हणून पुसून टाकायचं, ही कुठली रीत? आपल्याला कळत नाही तेव्हा आपण गप्प बसतो.

कार्डाचा दोष नव्हता, डबीचा होता. डबी त्या कार्डापेक्षा नवी. पिशवीच्या तळाशी तिच्याहून जुनी एक मिळाली, पिवळी पडलेली. तिच्यातून उघडलं.

त्या कार्डावर कुणाचे डोळे असतील ह्याचा मी विचार केला नव्हता. 'होऊन जाईल'ने सगळे एकदम उघडले, पडदाभर. आमच्या चाचण्या. प्रत्येक कॉम्प्युटरच्या वेळची एक, त्याने एकही पुसली नव्हती. वरच्या ओळीत पापण्या दाट, खालच्या ओळीत कडेला सुरकुत्या.

"हे कोण, बाई?"

"चाचणी."

"माणूस एकच दिसतोय."

"हो."

त्याने खुर्ची सरकवून मला पडद्यासमोर जागा दिली. मी लेकाच्या डोळ्याची चकती काढली आणि पडद्याशेजारी धरली. जुळेना. पडदा पिवळट वाटला. मी सांगितलं तर म्हणे, "वयामुळे वाटतं तसं." मी म्हटलं, वय माझं झालंय, चकतीचं नाही. तेव्हा कुठे त्याने आत शिरून बघितलं. नवे कॉम्प्युटर दिवस कलला की डोळ्यांना त्रास नको म्हणून आपण होऊन पिवळे होतात म्हणे. कुणी सांगितलंय ह्यांना एवढी काळजी करायला? ते बंद केलं. चकती जुळली. 'होऊन जाईल' स्वतःवरच खूश झाला, मलाही बरं वाटायला हवं होतं.

तेव्हा कॅमेरा चालू झाला आहे. सकाळी माझ्या खिडकीत उजेड चांगला असतो. मुंगीला घेऊन ये. न खाता आणू नकोस, रिकाम्या पोटी मुलं हलतात.

स्पंज पिळतेस का?

सासूबाई

*

ता. १६ जुलै

सूनबाई,

तू आली नाहीस. उत्तरही नाही. काल तुझ्या भावाचा निरोप आला की हॉस्पिटलने पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे, तयार डोळ्याची. ठीक. तारखेच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून लिहितेय. आज फिरवून लिहिणार नाही, मला ते जमतही नाही.

मुंगीचा डोळा मी करून ठेवला होता. तुझी वाट बघायला नको म्हणून. खोबणीचा साचा डॉक्टरांनी दिला, त्यांच्याशी माझी जुनी ओळख आहे. तुला विचारायला हवं होतं, नाही विचारलं. बुबुळासाठी तिचा फोटो नव्हता, तर मी चाचणीचे घेतले. सगळेच म्हणतात, पोरीचे डोळे बापाचे. मग बापाचा बघून रंगवला. लहान मुलाचं पांढरं जरा निळसर असतं, तसं केलं. लाल रेशमाचे धागे उसवून शिरा बसवल्या. वरून काचेसारखा थर दिला, घासला, चमकवला. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

टेबलावर ठेवला आणि बघितलं, तर तो होता. मुंगी नव्हती. निळसर पांढऱ्यात बसवलेला मोठ्या माणसाचा डोळा. बुबुळाच्या कडेला पोक्त माणसाला येते ती राखाडी रेघ, तीसुद्धा मी घातली होती. फोटोत होती, हाताने घातली. पोरीच्या तोंडावर बापाचा डोळा बसवायला निघाले होते मी. तू रोज सकाळी तिचं तोंड पुसताना काय बघितलं असतंस?

समोर ठेवून मी बराच वेळ बसले. तो माझ्याकडे बघत होता. मला काही झालं नाही. मग भांडी राहिली होती ती घासली.

आणखी एक. मुंगीच्या एका बुबुळात तिळाएवढा मधाळ ठिपका होता. ती लहान असताना तूच मला दाखवला होतास, म्हणाली होतीस, "हा माझ्याकडून आलाय, एवढाच." तो कुठल्या डोळ्यात? राहिलेल्या की गेलेल्या? मला आठवत नाही. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरलं, आणि नातीच्या डोळ्यांकडे कामाच्या नजरेने कधी बघितलं नाही. ती कडेवर यायची, केस ओढायची, कोण बघतंय बुबुळ? तुझ्या फोटोत नेमका तिथे खिडकीचा चौकोन आहे.

केलेला डोळा मी मोडला. ठेवून काय करायचं होतं?

आता तू का येत नाहीस ते. मला माहीत आहे. तुझ्या भावाला जोडे काढवत नाहीत तेही त्यातलंच.

अपघाताच्या त्या दिवशी मी हॉस्पिटलात आले. तू बाकावर होतीस, हात गळ्यात, कपड्यावर त्याचं रक्त. मी तुझ्यासमोरून गेले आणि डॉक्टरांना विचारलं, "पापणी वाचली का?" तेवढंच. तो कुठे आहे विचारलं नाही, तुला काय लागलंय विचारलं नाही. पापणी. कारण पापणी असली तर डोळा करता येतो, पापणी नसली तर माझ्यासारखीच्या हातात काही राहत नाही. डॉक्टर "हो" म्हणाले आणि मी खुर्चीवर बसले. मग घरी नेईपर्यंत, लोक येऊन जाईपर्यंत, मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. गाडी तू चालवत होतीस. तू काय समजायचं ते समजलीस. तुझ्या जागी मीही तेच समजले असते.

पण तसं नव्हतं. काहीच नव्हतं. दाढ काढताना सुई देतात ना, गाल आपला असून आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं झालंय. अजून तसंच आहे. लोक येतात, रडतात, मी त्यांना पाणी देते. शिंपीणबाई म्हणाली, "रडून घ्या, मोकळं वाटेल." मी म्हटलं, आणू कुठून?

तू म्हणशील, मग राग नाही ना? ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू? राग आहे की नाही, हे बधिरपण उतरल्यावर कळेल. आला तर तुला तोंडावर सांगेन, मागे बोलणार नाही, तुझ्या भावाकरवी तर मुळीच नाही. आणि तू तेव्हा मला काय बोलायचं ते बोल. मला ऐकू चांगलं येतं. पण ते होईपर्यंत पोरीची खोबण थांबणार नाही.

कॅमेऱ्याचं एक राहिलंय. मागच्या पत्रात चालू झाला म्हणाले, ते अर्धंच खरं. चकती जुळली, पण जुळली ती जुन्या फोटोशी. नव्या कॉम्प्युटरवर नव्याने काढलेला जिवंत डोळा अजून जुळवलेला नाही, आणि त्याशिवाय मुंगीचा रंग मी कालवणार नाही. शेजारणीचा चालेल, मास्तरांचा एक आहे तोही चालेल. पण ठिपका तुझ्याकडून आलाय म्हणतेस, तर मला तुझा हवाय. आधी तू स्टुलावर बस. तुझा काढू, मी चकती रंगवेन, जुळवेन, मग मुंगीचा.

फार अवघड नसतं. हनुवटी टेकवायची आणि हलायचं नाही. मला तुझ्या डोळ्यात बघावं लागेल, आणि पटकन होत नाही ते, तुलाही समोर बघावं लागेल. बोलायची गरज नाही. रडू आलं तर थांबू, डोळा लाल झाला की रंग चुकतो, मग दुसऱ्या दिवशी काढू. आतली खोली रिकामी आहे.

मुलांचा डोळा एकदा करून भागत नाही. तोंड वाढतं, खोबण वाढते, दर वर्षा-दोन वर्षांनी नवा लागतो. म्हणजे मुंगीला कुणाकडे तरी येत-जात राहावं लागणारच आहे, चांगली मोठी होईपर्यंत. माझे हात अजून थरथरत नाहीत.

आणि तुला नसेलच जमत, तर हॉस्पिटलची तारीख मोडू नकोस. तयार डोळा बसवून घे. पोरीची शाळा बुडायला नको. मी रुसणार नाही, डॉक्टरांना फोन करून पेटीतला त्यातल्या त्यात कुठला घ्यायचा तेही सांगेन. तयार डोळाही मधून मधून घासून चमकवावा लागतो, नाहीतर पापणीला टोचतो. ते काम कुठेही होतं.

तो बसवलास तरी ये. घासायला म्हणून नाही. नुसती ये.

मुंगीची आजी,
आणि तुला जे म्हणावंसं वाटेल ते